लंगडी रांगोळी

जयप्रकाशने दाराशी उकिडवं बसून रांगोळीच्या आखूड हाताला चिमटीने चार ठिपके जोडले आणि लांब हाताचे तेवढेच अंगठ्याने पुसले. ऐन दिवाळीत मेधाने दारात काढलेली ही लंगडी रांगोळी त्याला बघवेना. एका ठिपक्यातून फुटलेले तीन हात. एक बोटभर, एक वीतभर, तिसरा थेट चपलांपर्यंत! संध्याकाळी ऑफिसची मंडळी फराळाला यायची होती. बहारीनमधल्या तुबलीच्या वर्कशॉपमध्ये तो वाकडा पाइप परत पाठवायचा, आणि त्याच्याच दारात हे? तिन्ही हात सारखे झाल्यावर त्याला बरं वाटलं.

मंडळींआधी नीला आली. ती आणि मेधा मुंबईला एकाच सरांच्या विद्यार्थिनी. लग्नानंतर मेधाचं गणितातलं संशोधन सुटलं, नीला प्राध्यापक झाली. लंडनला जाताना ती मुद्दाम बहारीनला उतरली होती. ट्रंक कॉलवरच तिने बजावलं होतं, "एका बिंदूचे तीन आकडे सांगते. त्याच्या जोडीदार बिंदूची आकृती, पुस्तक न बघता, काढून ठेव. जमलं, तर वर्षभर मुंबईला माझ्याबरोबर काम करायचं." तेव्हापासून मेधा स्वयंपाक करतानाही गुणगुणत होती.

नीला दारातच थबकली.

"मेधा, हीच का ती? अगं, जोडीदाराच्या आकड्यांएवढे हात हवेत ना? हे तर तिन्ही सारखे."

मेधा बाहेर आली. तिने रांगोळीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पांढऱ्या अंगठ्याकडे. जयप्रकाशने मूठ मिटली.

एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण मेधाशिवायचं वर्ष डोळ्यांपुढे आलं आणि त्याने ते गिळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याला ती उघडायचीच लाज वाटली, आणि न उघडण्याची त्याहून जास्त.

"विसरले गं," मेधा म्हणाली. "इथे कुणाशी बोलणार असलं?"

"असू दे. होतं असं." नीलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग चकलीचं कौतुक केलं. मुंबईचा विषय तिने पुन्हा काढला नाही. चहा झाल्यावर ती टॅक्सीने विमानतळावर गेली.

"मेधा, मी..." जयप्रकाशने तोंड उघडलं.

"कढईखालचा गॅस बंद करा," ती म्हणाली.

संध्याकाळी मंडळी आली. साहेबांच्या बायकोने दारातच हात जोडले.

"वहिनी, काय रेखीव रांगोळी! तिन्ही बाजू अगदी मोजून मापून."

"मी नाही," मेधा हसून म्हणाली. "ह्यांनी काढलीय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जयप्रकाश मान खाली घालून त्यांच्या चपला नीट लावत बसला.