फुंकेवर उठलेल्या वन्सं

न्हाणीघराच्या दाराशी वन्संचा पाय घसरला आणि त्या भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या, त्या बसल्याच. हाडबीड काही मोडलं नव्हतं. पण तेवढा देह जमिनीवरून उठवायचा कसा? वन्संनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. अंग भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम. आणि घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची भावजय, नुसती काडी.

शेजारी आणि रखवालदार येऊन काखेत हात घालून ओढून पाहून गेले.

"अहो, मला उठवताय की माझे खांदे उपटताय?" वन्सं ओरडल्या, तसे दोघे घाबरून मागे सरले. आणखी माणसं बघतो म्हणाले आणि जे गेले ते गेलेच.

"आता चौघं मिळून मला कपाटासारखी उचलणार," वन्सं हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला भावजयीने कधी ऐकला नव्हता.

मग वन्संनीच मान वर केली. "वहिनी, पाहुण्यांसाठीच्या त्या हवेच्या चौकोनी गाद्या आण बघू."

"पंप मोडलाय, वन्सं."

"तोंड आहे ना? फुंक."

"माझ्या फुंकेने चहा निवत नाही, आणि तुम्ही उठणार?"

"आण म्हटलं ना!"

उंची लवकर मिळेल म्हणून भावजयीने एक गादी दुमडून आणली. वन्सं डावी-उजवीकडे कलल्या, तशी तिने ती खाली सरकवली आणि नळीला तोंड लावून फुंकायला लागली. गाल फुगले, कानांत दडे बसले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. गादी काही हलेना.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"आता घडी मोडून पसर आणि फुंक."

वन्सं पुन्हा कलल्या, तशी तिने गादी त्यांच्याखाली पसरली, तिच्यावर दुसरीही पसरून घातली, आणि खालच्या गादीत फुंक मारली. या खेपेला हवा सरळ आत गेली. नळीत झडप होती, त्यामुळे गेलेली हवा परत येत नव्हती. भावजय चकित झाली.

"आता सोपं कसं झालं? सांग," वन्सं म्हणाल्या. जमिनीवर बसूनसुद्धा त्या वर्गातच उभ्या होत्या.

आजवर असं विचारलं की भावजय 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणून स्वयंपाकघरात सटकायची. आज जाणार कुठे? तिने गादीवर तळहात दाबून पाहिला.

"घडी होती तेव्हा तुमचं सगळं वजन एवढ्याशा जागेवर होतं. आता ते पसरलंय. म्हणजे... एकेका बोटाएवढ्या जागेला थोडंच उचलायचंय. आणि माझी फुंक आत सगळीकडे सारखीच ढकलते. खरं ना?"

वन्संनी जोरात मान डोलावली. मग म्हणाल्या, "यालाच दाब म्हणतात, वहिनी. फुंक पुढे!"

मग काय, भावजयीच्या अंगात वारं शिरलं! थांबत, दम घेत, पुन्हा ओठ लावत ती फुंकत राहिली. आधी वन्संच्या पदराची घडी हलली, मग टाचा मोकळ्या झाल्या, मग अख्ख्या वन्सं, जणू कुणी जमीनच वर आणतंय अशा, इंचाइंचाने वर यायला लागल्या. खालची गादी टच्च झाल्यावर तिने वरची भरायला घेतली.

"डगमगतंय गं!"

"भिंत धरा! मी आहे!"

वन्संचे गुडघे वाकले, पावलं जमिनीवर नीट टेकली. त्यांनी एक हात भिंतीला लावला, दुसरा भावजयीच्या खांद्यावर ठेवला, आणि हुंकार देऊन उभ्या राहिल्या.

दोघी एकमेकींना धरून हसल्या. हसता हसता वन्संचे डोळे भरून आले, त्यांनी ते लपवलेही नाहीत.

भावजयीने लगेच लेकीला फोन लावला. "अगं, तुझ्या आत्याला उचललं मी! तोंडाने!"

"आई, काहीही काय! तुला गॅसची टाकी सरकत नाही."

"टाकीचं सोड. दाब म्हणजे काय ते ऐक आधी." आणि कमरेवर हात ठेवून ती शिकवायला लागली. पलीकडे खुर्चीत बसलेल्या वन्सं कान देऊन ऐकत होत्या. मधे एकदाही त्यांना तिची चूक काढावी लागली नाही.