सतरा पॉइंट चार

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. काचेच्या दुकानामागच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. चाकांतली हवा उतरली आहे आणि टपावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ आहे. माझ्या वयाच्या गाड्या आपले पराक्रम सांगत बसतात. मला मात्र एक कबुली द्यायची आहे. माझ्यामुळे एका सरळ माणसावर चोरीचा आळ आला, आणि तेव्हा मी नुसता मिरवत उभा होतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा तोरा काही औरच होता. मी माइल्ड हायब्रीड. म्हणजे काम सगळं डिझेलचं इंजिनच करतं, पण त्याच्या मदतीला एक छोटी मोटर आणि एक छोटी बॅटरी असते. वेग कमी होताना जो जोर वाया जातो, त्यातला थोडा मी विजेच्या रूपानं साठवतो आणि निघताना इंजिनाला हात देतो. सिग्नलला थांबलो की इंजिन आपोआप बंद होतं. नुसत्या विजेवर मात्र मी वीतभरही सरकू शकत नाही. हे शेवटचं वाक्य विक्रेत्यानं सोयीस्करपणे गाळलं. तो मालकांना म्हणाला, "साहेब, ही गाडी डिझेल पीत नाही, नुसता वास घेते."

त्या दिवशी मालकांनी मला स्वतः घरी आणलं. हौदा रिकामा, रस्ता मोकळा आणि बराचसा उताराचा. घरी पोहोचेपर्यंत माझ्या पडद्यावर आकडा उमटला होता, लिटरला सतरा पॉइंट चार किलोमीटर. माझ्या पडद्याला एक खोड आहे. आजवरच्या सगळ्या फेऱ्यांमधला सर्वांत चांगला आकडा तो लक्षात ठेवतो आणि किल्ली फिरवली की तोच मोठ्या अक्षरांत दाखवतो. खाली बारीक अक्षरांत 'सर्वोत्तम' असं लिहिलेलं असतं. रोजचा खरा आकडा पुढच्या पानावर असतो, त्यासाठी बटण दाबावं लागतं. ते कुणी दाबलंच नाही. मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावून सतरा पॉइंट चार दाखवला, मालकीणबाईंनी माझ्या बॉनेटवरून हात फिरवला, आणि मी फुलून गेलो.

मला चालवायचं काम मालकीणबाईंच्या धाकट्या भावाकडे आलं. घरातली मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून दुकानातले कारागीरही मामाच म्हणायला लागले. माझ्या हौद्यात काचा उभ्या ठेवायची उंच लोखंडी चौकट बसली. ती काढायला चार माणसं लागत, त्यामुळे काच असो वा नसो, ती कायमची माझ्या पाठीवर राहिली. वाऱ्यात ती भिंतीसारखी आडवी यायची. मामा मला झोपलेलं बाळ मांडीवर असल्यासारखं चालवायचे. प्रत्येक गतिरोधकावर आधी जवळजवळ थांबायचं, मग हळूच वर चढायचं. किल्ली फिरवली की मामा आधी इंजिन आपोआप बंद होण्याची सोय बटण दाबून बंद करायचे, कारण इंजिन पुन्हा सुरू होताना माझ्या अंगातून बारीकशी थरथर जाते आणि उभ्या काचा एकमेकींना लागतात. वर्षभरात त्यांच्या हातून एका काचेलाही तडा गेला नाही.

पण अशा चालण्यात लिटरला अकराच किलोमीटर मिळत. मला ते ठाऊक होतं. मामांना आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. काच पुसायचं कापड त्यांनी माझ्या पडद्यावरच टांगलं होतं. "मला मागची काच बघायची असते," ते हसून म्हणायचे, "पुढची नाही."

एके दिवशी मला बाजूला घेताना मालकांनी ते कापड उचललं. सतरा पॉइंट चार. मग त्यांनी पंपावरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि किलोमीटर मोजले. शेजारचा रंगवाला म्हणाला, "कुठंतरी पाणी मुरतंय बघा." एवढं पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. कारागीर काचा उतरवत होते आणि मालकीणबाई पाण्याची बाटली द्यायला दाराशी आल्या होत्या.

"मामा, लिटरमागे सहा किलोमीटर कुठं जातात रे?" मालकांनी विचारलं.

"म्हणजे काय, दाजी?"

मालकांनी किल्ली फिरवून कापड बाजूला ओढलं. "गाडी सांगते सतरा. चिठ्ठ्या सांगतात अकरा. गाडी कशाला खोटं बोलेल?"

सगळ्यांच्या नजरा माझ्या पडद्याकडे वळल्या आणि खरं सांगतो, मला क्षणभर अभिमान वाटला. हेच मला आजही डाचतं. पडदा विझवणं माझ्या हातात नव्हतं, पण सुखावून न जाणं तरी होतं.

मामांनी बहिणीकडे पाहिलं. "ताई, तुलाही असंच वाटतं?"

ताई लगेच काही बोलल्या नाहीत. मामांनी तेवढ्यात काय समजायचं ते समजून घेतलं. माझ्यातली किल्ली काढून गल्ल्यावर ठेवली आणि जाताना म्हणाले, "चौकटीचं डावीकडचं रबर सैल झालंय. तेवढं बघा."

मग मालक स्वतः मला चालवू लागले. पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद झालं, सुरू होताना मी थरथरलो आणि त्याच सैल रबरापाशी एक मोठी काच तडकली. दुसऱ्या दिवसापासून तेही बटण दाबू लागले. नवीन रबरही बसलं. पण ताईंना चैन पडेना. आठवड्याभरानं त्या माझ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "टाकी काठोकाठ भरा. दिवसभर फिरू आणि संध्याकाळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरू. मी बाजूला बसते."

संध्याकाळी हिशेब लागला. दहा पॉइंट सहा. मामांपेक्षाही कमी. मालक कागदाकडे बघत बसले. ताई माझ्या पडद्याजवळ वाकल्या. "इथं बारीक अक्षरांत लिहिलंय, सर्वोत्तम," त्या म्हणाल्या. "अहो, हा तर पहिल्या दिवसाचा आकडा. आणि मी त्या दिवशी गप्प कशी बसले?" त्या रडायला लागल्या.

तसेच दोघं मला घेऊन मामांच्या घरी गेले. मामा बाहेर आले, आधी माझ्याजवळ येऊन चौकटीचं रबर अंगठ्यानं दाबून पाहिलं. "नवीन बसवलंत. बरं केलंत."

"चुकलं माझं," मालक म्हणाले. "उद्यापासून ये."

"राग नाही, दाजी. पण आता टाकी भरताना दर वेळी मी तुमच्या तोंडाकडे बघेन. असं बिचकत काचेची गाडी चालवता येत नाही." मग ते बहिणीला म्हणाले, "ताई, आत ये. पाणी तरी घे."

ते परत आले नाहीत. बहिणीकडे येतात, पण घराच्या दारानं. दुकानामागच्या शेडकडे फिरकत नाहीत.

मित्रांनो, मला धुवा-पुसा असं मी सांगणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. माझ्यासारख्या यंत्राचा आकडा खरा मानायचा असेल, तर आधी त्याच्या पाठीवर त्याचं रोजचं ओझं ठेवा, टाकी काठोकाठ भरून मोजा आणि बारीक अक्षरंही वाचा. आणि समोर माणूस उभा असेल, तर आधी त्याला विचारा.

इंजिन गंजू नये म्हणून मालक महिन्यातून एकदा किल्ली फिरवतात. पडदा उजळतो आणि त्यावर सतरा पॉइंट चार उमटतो. तो पुसायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही. मामांचं कापड तिथंच आहे. मालक ते पडद्यावर ओढतात, आणि मला हायसं वाटतं.