अकरा देशांच्या भिंतींचा पाहुणा

मित्रांनो, मला पायांच्या तीन जोड्या आहेत, पण आयुष्यात मी एक पाऊलही चाललेलो नाही. तरी माझे अकरा देश पाहून झाले. ओळखलेत का? प्रवासाला नेतात तो अ‍ॅडॅप्टर मी, आता जुना झालेला. देशोदेशीच्या भिंतींवरची छिद्रे वेगवेगळी असतात. कुठे चपटी, कुठे गोल, कुठे तीन. माझ्या कुशीतला खटका सरकवला, की त्या त्या देशाचे पाय बाहेर येतात. मग मी भिंतीत शिरतो आणि चार्जरला पाठीवर बसवून घेतो.

माझा जन्म कारखान्यातला. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला कानाशी धरून हलवले, आत काही खुळखुळत नाही ना ते पाहिले आणि डब्यात टाकले. एवढेच माझे बालपण. तिथून मी विजेच्या सामानाच्या एका दुकानात आलो. दुकानाच्या मालकांची भाची मार्केटिंग शिकायला परदेशी निघाली होती. लहानपणापासून ती सगळ्यांकडे टक लावून बघायची, म्हणून घरात तिला टकमक म्हणत. मामांनी मला तिच्या हातावर ठेवले.

"घे टकमके. तिकडच्या भिंती आपल्या प्लगला ओळखत नाहीत."

"दादा, हा तिकडे नाही चालला तर?" तिच्या आईने विचारले.

"अगं, तिकडेही दुकानं असतात. लेकीला काय जंगलात पाठवते आहेस?"

आई हसली नाही. तिने मला सामानातून दोनदा बाहेर काढून पाहिले आणि शेवटी मोज्यात गुंडाळून ठेवले.

वसतिगृहाच्या खोलीत एकच सॉकेट होते, तेही पलंगामागे. मला लावायला टकमक जमिनीवर पालथी पडून हात आत घालायची. तिथे पडल्या पडल्या मीही थोडे शिकलो. मार्केटिंग म्हणजे नुसती जाहिरात नव्हे. समोरच्याला काय हवे आहे ते आधी पाहायचे, मग आपली वस्तू त्याच्यापर्यंत कशी न्यायची ते ठरवायचे. पाहण्यात ती पटाईत होती. बोलण्यात मात्र मागे पडायची. मनातल्या मनात वाक्य नीट जुळवेपर्यंत वर्गातली चर्चा पुढे निघून गेलेली असायची.

शिक्षण संपले. त्या देशात राहून नोकरी शोधायला सरकारकडून आठ महिने मिळाले होते. तेवढ्यात पक्की नोकरी मिळाली तर राहायचे, नाहीतर घरी परत. सकाळी उठून ती माझ्या पाठीवरचा फोन उचलायची, नकाराचे पत्र वाचायची आणि फोन पुन्हा जागेवर ठेवायची. पाचव्या महिन्याच्या अखेरीस मुलांच्या पाण्याच्या बाटल्या बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीने तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतले. काम पसंत पडले तर पक्की नोकरी.

तिच्या साहेबीणबाई दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघत. ऑफिसात सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. टकमकने बाटलीसाठी एक पेटी सुचवली. जाड, गुळगुळीत, निळी, चारही बाजूंनी बंद, वर बाटलीचे चित्र. तिथे अशा बाटल्या मावश्या आणि काका मुलांना भेट म्हणून देत. पेटी हातोहात खपली. घड्याळबाई "सुंदर" म्हणाल्या. त्या दिवशी टकमक जिने उड्या मारत उतरली. मी पिशवीत होतो, मला सगळे दणके बसले.

मग त्याच पेटीतून बाटल्या शेजारच्या देशात गेल्या. तीन आठवडे झाले, तरी दुकानातली फळी भरलेलीच. ऑफिसात कोणी म्हणाले, तिकडच्या लोकांना आपले रंग आवडत नसतील. घड्याळबाईंनी मनगटाकडे पाहिले.

"जाऊन बघून ये. शुक्रवारी मीटिंग आहे. तुझे तीन महिनेही त्याच दिवशी संपतात."

ती दोन दिवस त्या दुकानात उभी राहिली. दुकानदार भला माणूस. त्याने मला खालच्या फळीजवळचे सॉकेट दिले. मुलांच्या वस्तू खालीच असतात, त्यामुळे मला सगळे अगदी समोर दिसत होते. कडेवर मूल घेतलेली आई उकिडवी बसायची. पेटी उचलायची, फिरवून पाहायची, झाकणाच्या चिकटपट्टीवर नख लावायची, इकडेतिकडे बघायची आणि पेटी ठेवून द्यायची. मग शेजारची एक बेढब, उघडी बाटली घ्यायची. तिचे झाकण काढायची, आत बोट फिरवायची, वास घ्यायची. तीच घेऊन जायची.

दुसऱ्या दुपारी टकमक एका उपड्या क्रेटवर बसली. फोनमध्ये जेमतेम जीव उरला होता. तो माझ्या पाठीवर लावून तिने घरी फोन केला.

"आई, पेटी इतकी छान आहे, तरी इथल्या बायका घेत नाहीत गं. ऑफिसात म्हणतात, रंग आवडले नसतील."

"आतली बाटली दिसते का?"

"वर चित्र आहे की!"

"चित्र गळतं का गं? तुझ्या शाळेची बाटली घेताना मी दुकानातच पाणी मागायचे. भरून उलटी धरायचे. झाकणातली रबरी चकती निघते का ते बघायचे, नाहीतर आत काळं धरतं आणि पोराचं पोट बिघडतं. तो दुकानदार म्हणायचा, वहिनी, बाटली घेताय की विहीर? तू आपली लाजून माझ्यामागे लपायचीस."

टकमकने फळीवरच्या बंद पेटीकडे पाहिले.

"आई, बंद पेटी माझीच कल्पना होती."

"मग तसं सांगून टाक."

"सांगितलं तर परत यावं लागेल. कायमचं."

मी जीव तोडून वीज पोचवत होतो. एवढ्यात फोन बंद पडायला नको होता.

"ये मग," आई म्हणाली. "मी खोली झाडून ठेवते. पण त्या बायांना रंग आवडले नाहीत, असं नको सांगूस. त्या बिचाऱ्या पोरांसाठीच बघतायत."

शुक्रवारी मी मीटिंगच्या खोलीत, टेबलाखाली होतो. टकमकचा पाय माझ्या शेजारी जमिनीवर टपटप करत होता. वरून कोणीतरी विचारले, "रंगांचंच कारण ना?"

नुसते "हो" म्हटले असते, तरी सुटली असती.

"नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. इथे बाटली भेट म्हणून जाते, तिथे आई स्वतः घेते. तिला ती उघडून बघायची असते, आणि मी ती बंद करून ठेवली."

"हे तुला कोणी सांगितलं?" घड्याळबाईंनी विचारले.

"दोन दिवस दुकानात उभी होते. आणि... माझ्या आईने."

कोणीतरी खुदकन हसले. घड्याळबाई हसल्या नाहीत. "पेटी मलाही आवडली होती. म्हणजे अर्धी चूक माझी. आता काय करायचं, बोल."

"पेटी काढून टाकायची. प्रत्येक फळीवर एक उघडी बाटली दोरीने बांधायची. आणि चकती कशी निघते, ते दाखवायचं."

"मग सोमवारी परत जा."

"पण माझी मुदत आज संपते."

"माहीत आहे. पक्क्या नोकरीचं पत्र घेऊन जा."

टेबलाखालचा पाय थांबला.

बाटल्या लगेच धडाधड खपल्या असे नाही. पहिल्या आठवड्यात एकोणीस गेल्या. पण फळीवरचा माल हलू लागला. त्यानंतर टकमक जिथे गेली तिथे कागदावर योजना मांडण्याआधी दोन दिवस दुकानात उभी राहिली, आणि जवळच्या भिंतीत मी. देश बदलले, माझे पाय बदलले, तिचे पद वाढले. माझ्यासारख्या मूठभर प्लास्टिकला आणखी काय हवे होते? पुढे हॉटेलांच्या भिंतींतच सगळ्या जातींची छिद्रे आली आणि मी खणात गेलो. तक्रार नाही. भरपूर पाहिले होते.

परवा तिच्या नवऱ्याने घाईत मला बाहेर काढून भिंतीत लावले. त्यांची दहा महिन्यांची मुलगी रांगत माझ्याकडे येऊ लागली. मित्रांनो, मला काम मिळाले होते, कित्येक वर्षांनंतर! गप्प बसलो असतो तर आणखी काही दिवस वापरात राहिलो असतो. पण माझी एक पिन सैल झाली आहे. मी तापतो. त्या शुक्रवारी टेबलाखाली मी उगाच नव्हतो. आपला दोष आपणच सांगायचा असतो. मला बोलता येत नाही, म्हणून मी करपल्याचा वास सोडला.

"अहो, भिंतीवरचं बटण बंद करा आधी!" टकमक धावत आली. तिने लेकीला कडेवर उचलले, मी निवेपर्यंत थांबली आणि वायर न ओढता मला अंगाला धरून अलगद काढले. मग तळहातावर ठेवून म्हणाली, "दमलास ना रे?"

तेव्हा मित्रांनो, ओल्या हाताने आम्हाला शिवू नका. भिंतीच्या छिद्रांत बोट घालू नका. आमच्यातला कोणी तापला, तर हात न लावता मोठ्यांना हाक मारा. आणि आम्ही थकलो, की ओल्या कचऱ्यात टाकू नका. विजेच्या जुन्या वस्तू वेगळ्या गोळा करतात, तिथे पोचवा. टकमक उद्या मला तिथेच नेणार आहे. माझे प्लास्टिक पिवळे पडले, पिन सैल झाली, पण आतले तांबे अजून चांगले आहे.