उजवी बाही

"दोन्ही बाह्या डाव्याच," दादा म्हणाला. "बँडमास्तरांना काय दोन डावे हात आहेत?"

ताईने कोटासाठी कापलेली मखमल पुन्हा निरखली. साधं कापड असतं तर एक बाही उलटी करून भागलं असतं. मखमलीची लव एकाच बाजूला, तिला ती सोय नसते. कापड बँडमास्तरांनी जपून ठेवलेलं, तसं आता बाजारात नव्हतं. आईच्या हाताखाली शिकलेला तिचा हात कापताना कधी चुकला नव्हता. पण आई गेल्यापासून नुसती अंघोळ केली तरी पुन्हा आडवं व्हावंसं वाटे. रात्रभर झोपूनही सकाळी अंग तेवढंच जड.

"रक्त तपासलं, सगळं ठीक. मग दमायला झालं काय तुला? घरी पड थोडे महिने. कापायला मी माणूस बघतो."

वहिनीने मशीन थांबवलं. "डॉक्टरबाई काय म्हणाल्या, ते ऐकलंत का तुम्ही?"

हे नैराश्याचं दमणं आहे, खरं आहे, आळस नव्हे, असं त्या म्हणाल्या होत्या. गोळ्या लागू पडायला वेळ लागेल. तोवर ताकदीची वाट पाहत बसू नका. थोडं करा आणि दमायच्या आधी थांबा.

ते थांबणंच ताईच्या जिवावर येई. जरा बरं वाटलं की ती साठलेलं सगळं उपसायची आणि मग अंथरूण धरायची. पण आता कापायचं टेबलच हातचं जायची वेळ आली होती.

"कोट मीच पुरा करणार," ती म्हणाली. "माझ्या चालीने. मधे बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू? बँडमास्तर बोलतील."

तिने स्वतःच जाऊन त्यांना आपली चूक सांगितली. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "महिनाअखेरीला वाजवायचंय. जमेल?"

"जमेल."

दुसऱ्या दिवशी तिने उरलेले तुकडे लवेच्या दिशेने मांडले आणि तेवढ्यावर थांबून घरी जायला पिशवी उचलली.

"झालं दुकान?" दादाने विचारलं.

"झालं."

मग एक दिवस नुसती आखणी. एक दिवस चपला घालून ती पलंगावरच बसून राहिली. तो तिने जाऊ दिला. एकदा मात्र हात हलका झाला, कात्री सरसर चालली, आजच उरकून टाकावं असं वाटलं. तिने कात्री खाली ठेवली. वहिनीने तिच्यापुढे पाणी सरकवलं.

बाहीच्या वरच्या भागाला पुरेल असा एकच तुकडा होता. काखेकडे लपणारा खालचा भाग तिने लहान तुकडे जोडून काढला.

बँडमास्तरांनी कोट घालून आरशासमोर हात उंचावून सगळा बँड वाजवल्यासारखे फिरवले. "जोड कुठंय?"

"शोधा."

त्यांनी शोधला आणि नाद सोडला. "पंचाईत झाली. आता बेसूर वाजवायची सोय राहिली नाही."

ते गेल्यावर दादा टेबलाजवळ घुटमळला. "नवीन कापड आलंय. पसरू का तुझ्यापुढे?"

"पसर. उद्या कापते."

"उद्या? आज तर चांगली दिसतेयस."

"म्हणूनच थांबते."

घरी पोचली तेव्हा भिंतीवर ऊन होतं आणि अंगात अजून थोडी ताकद शिल्लक होती. आईच्या पलंगावर बसून ती पोटभर रडली. इतके महिने रडण्यापुरतीही ताकद नव्हती. आज ती पुरली.