एकोणचाळिसावा फोटो

छत्तीसच्या रोलमधून अडतीस फोटो काढणाऱ्या माणसाला कारेलीबागेत एके काळी मान होता. विश्वंभरराव टिपणीस त्यातले शेवटचे. रोल भरताना फिल्मचं टोक चाकात जेमतेम अडकवायचं, एक इंच वाया घालवायचा नाही, की शेवटी दोन फोटो फुकट पदरात पडतात. ही विद्या त्यांनी सोसायटीतल्या बऱ्याच जणांना शिकवली होती. २००५ साल उजाडलं तेव्हा ती घेणारं कोणी उरलं नव्हतं. खंडेराव मार्केटजवळच्या गुजराती दुकानदारानं रोल देताना, आता रोल वापरतं कोण अशा नवलानं विचारलंच, "काका, हवे रोल कोण वापरे छे?"

"ज्याला फोटो हवेत तो," विश्वंभरराव म्हणाले.

घरात रेडिओ चापट खाऊन बोलायचा. मिक्सरचं झाकण दाबून धरायला स्वतंत्र माणूस लागायचा. तीस वर्षं बाजव्याच्या रिफायनरीत मीटर आणि काटे सांभाळून विश्वंभरराव घरी बसले, तरी वस्तूंना ती सवलत नव्हती. "या घरात रिटायर फक्त तुम्ही झालात," प्रेमलाबाई म्हणायच्या.

लेकीचा, अवनीचा साखरपुडा घरीच होता. होणारा जावई अनीश गुरुवारी टोरांटोला निघणार, लग्न पुढच्या डिसेंबरात. तोवर दोघांनी पुरवून पुरवून बघायचे ते आजचे फोटो. त्यामुळे विश्वंभरराव पहाटेपासून अस्वस्थ होते. पडदे उघडत होते, लावत होते, खिडकीतल्या उजेडाकडे संशयानं बघत होते. तेवढ्यात प्रेमलाबाईंचा भाऊ सलील साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा घेऊन आला.

"भाऊजी, पाचशे फोटो बसतात यात."

"पाचशे फोटो काढण्यासारखं आपल्या घरात काय आहे? खिशात ठेव. दोन कॅमेरे असले की कुठं बघायचं ते माणसांना कळत नाही. निम्मी तिरळी येतात."

"ठेव रे बाबा खिशात," प्रेमलाबाई म्हणाल्या. "नाहीतर दिवसभर ऐकावं लागेल."

मग समारंभ झाला, म्हणजे विश्वंभररावांनी होऊ दिला तेवढा झाला. अंगठी बोटाच्या पेरावर असताना त्यांनी अनीशला थांबवलं. अनीशचे वडील भास्करराव घास तोंडाशी नेऊन पुतळा झाले. "श्वास रोखा," असं विश्वंभरराव सगळ्यांना सांगत, आणि सोडायला सांगायचं विसरत.

छत्तीस झाले, सदतीस झाले. अडतिसावा मिळाल्यावर त्यांनी तो जाहीर केला. फिल्म पुढे नेणारा खटका ओढला तर तो पुन्हा अलगद सरकला. एकोणचाळीस! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"भाऊजी, ही तर द्रौपदीची थाळी!" सलील म्हणाला.

विश्वंभरराव हसले. चाळिसाव्याला थोडं कमी हसले. एक्केचाळिसाव्याला हसलेच नाहीत. काटा हलतोय म्हणजे पाइपातून काही वाहतंय असं समजू नका, हे वाक्य त्यांनी रिफायनरीत प्रत्येक नव्या पोराला ऐकवलं होतं. फिल्म पुढे सरकत असेल तर कॅमेऱ्याच्या डावीकडची कळ आपोआप फिरते. सकाळपासून त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. आता खटका ओढता ओढता पाहिलं. कळ जागची हलली नाही.

पण भास्कररावांच्या बहिणीला अवनीसोबत फोटो हवा होता. थांबणं म्हणजे कबुली देणं. विश्वंभररावांनी काढला. मग उभा हवा होता, तोही काढला. मग "आत जरा," असं काहीतरी पुटपुटत बेडरूमचं दार लावून घेतलं, जाड रजई डोक्यावरून घेतली आणि अंधारात कॅमेऱ्याची पाठ उघडली. बोटांना फिल्मचं टोक लागलं. चाकातून सुटून मोकळं पडलं होतं. जेमतेम अडकवलेलं जेमतेमच राहिलं होतं. आतली फिल्म सबंध कोरी.

टोक परत अडकवताना त्यांनी जन्मात पहिल्यांदा तीन-चार इंच उधळले. कळ फिरली. बाहेर आले तर भास्करराव दारात बुटाची नाडी बांधत होते.

"निघतो विश्वंभरराव. फोटोंची एक प्रत आम्हालाही धाडा."

"भास्करराव, बूट काढा."

"का हो?"

"अंगठ्या परत घालायच्या आहेत."

अनीशच्या आईचा हात मंगळसूत्राकडे गेला. "मुहूर्त चुकला की काय?"

मुहूर्त ही सोय चांगली होती. तिच्यावर ढकललं की कुणी पुढं काही विचारत नाही. विश्वंभररावांनी 'हो' म्हणायला तोंडही उघडलं. पण समोर अवनी उभी होती.

"रोल फिरलाच नाही," ते म्हणाले. "एकही फोटो आलेला नाही."

सलीलनं टोमणा मारायची संधी सोडली. गेल्या तीस वर्षांत तो असा कधीच वागला नव्हता, आणि ते जास्त झोंबलं. त्याचा हात खिशाशी गेला होता. तो बहिणीकडे बघत होता.

"काढ," विश्वंभरराव म्हणाले.

"बघा हं. तिरळे येतील."

"काढ रे आता!"

दुसऱ्या साखरपुड्यात गांभीर्य असं उरलंच नाही. अवनीचा गजरा एका कानावर लोंबत होता. अनीशच्या बोटाला श्रीखंड लागलेलं होतं, त्यामुळे अंगठी मात्र सुरेख सरकली. भास्करराव एक बूट घालून आणि एक हातात धरून हसत होते. श्वास कुणी रोखेना. विश्वंभरराव फोटो काढत होते, आणि खटका ओढला की डावीकडे बघत होते. फिरली. परत फिरली. याही वेळी फिरली.

इकडे सलीलनं काढलेले फोटो कॅमेऱ्याच्या मागेच दिसायला लागले. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. विश्वंभररावांनी डोळा लावला तर काचेतून नुसत्या पाठी आणि अंबाडे.

अवनी तेवढी त्यांच्याजवळ आली. "बाबा, या वेळी बघितलंत ना?"

"हो. प्रत्येक वेळी फिरली."

"कळ नाही हो. मला."

विश्वंभररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अवनीनं त्यांच्या गळ्यातला पट्टा वर उचलला आणि कॅमेरा अनीशच्या हातात दिला. "आता आमचा काढ. घरातल्या एका अल्बममध्ये बाबा असतील तर शपथ."

ती येऊन शेजारी उभी राहिली, त्यांच्या दंडाला धरून. कॅमेरा नसलेले हात कुठं ठेवतात हे विश्वंभररावांना ठाऊक नव्हतं. ते त्यांनी आधी मागे नेले, मग पुढे आणले, मग एक अवनीच्या डोक्यावर ठेवला. तिथं तो आशीर्वाद दिल्यासारखा दिसायला लागला म्हणून काढून घेतला.

"अनीशराव, खटका पूर्ण ओढा हं. आणि ओढताना डावीकडची कळ—"

"काका, श्वास रोखा," अनीश म्हणाला, आणि बटण दाबलं.

त्यानं खटका ओढला. कळ फिरली की नाही, ते तिथून दिसत नव्हतं.