पाहुण्यासाठी कोरडी मासळी

ओगुटु थकला होता, आणि हा थकवा काही आजचा नव्हता. सरकारी संशोधन संस्थेत त्यानं ओमेना मासळी सुकवायचे ड्रायर बनवले. पहिला पेटला, दुसऱ्यात मासळी शिजली, तिसरा मात्र खरंच चालला. वर काच, खाली भुशाची शेगडी. बोटाएवढी ही मासळी सरोवराकाठच्या बाया जाळ्यांवर पसरून उन्हात वाळवतात. पण पावसानं हल्ली ताळतंत्रच सोडलंय. मनात आलं की कोसळतो. भिजलेली मासळी सडते आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या भावानं जाते. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आज किनाऱ्यावरचा हा ड्रायर तपासायला नैरोबीहून मुतिंडासाहेब आले होते. ते हो म्हणाले, तर सरकारी पैशातून प्रत्येक किनाऱ्यावर एक ड्रायर बसणार होता. नाही म्हणाले, तर हा एकसुद्धा गोदामात जाणार.

आणि नशीब बघा, आजच कडकडीत ऊन. ड्रायर रिकामा. उन्हात फुकट वाळत असताना भुसा कोण जाळेल? साहेबांचं तोंड उतरलं. ओगुटुनं समजावलं की हा वाईट दिवसांसाठी आहे, चार दिवसांचा पाऊस आला तर वर्षाची कमाई वाचवतो. शेवटी वैतागून म्हणाला, "ऊन असताना उघडली नाही, म्हणून छत्री टाकून देतात का, साहेब?"

माणूस वाईट नव्हता. गावोगाव अशी यंत्रं बघून तोही कंटाळला होता. म्हणाला, "मला वर आकडा द्यावा लागतो. पडून असलेल्या यंत्राला पैसा कोण देणार? भरा बघू. आत्ता वजन करतो, दुपारी परत करतो."

बायांची म्होरकी अवुओर. ओगुटुनं तिला ट्रे भरायला सांगितलं, शेगडी पेटवली आणि साहेबांना चहाला नेलं. तिथंच त्याचं चुकलं, त्यानं उभं राहून बघायला हवं होतं. ट्रे भरल्यावर साहेबांनी स्वतः वजन केलं. दुपारी परत केलं. काटा होता तिथंच. ओली मासळी वाळली की वजन पावभागावर येतं, इथं तर रतीभर घटलं नव्हतं.

ओगुटुनं एक मासळी उचलून वाकवली. ती कट्कन मोडली. बायांनी उन्हात वाळलेलीच आत रचली होती.

"साहेब, आज चूक झाली. उद्या परत करू."

"उद्या मी बुसियाला. आणि चूक कुणाची?"

अवुओर बाजूलाच उभी होती, धुतलेला रुमाल डोक्याला बांधून, खुशीत. खरं सांगितलं असतं, तर बायांनी चाचणीत फसवलं असं कागदावर चढलं असतं. मग या किनाऱ्याला सरकारनं साधं जाळंही दिलं नसतं.

"माझी," ओगुटु म्हणाला. "शेगडीतच खोट राहिलीय."

साहेबांनी मान हलवली, खरंच वाईट वाटल्यासारखी. सोमवारी माणसं येऊन ड्रायर उचलतील, असं हळूच सांगून ते गाडीत बसले.

अवुओर मासळीचं पुडकं घेऊन आली. "तोंड का पाडलंस रे? निवडून निवडून चकचकीत ठेवली होती. पाहुण्यापुढे ओली, वास मारणारी ठेवायची म्हणजे लाजच की. आवडली ना त्याला?"

"आवडली, मावशी."

"मग बाकीचे कधी येणार? एकात भागत नाही रे. मागच्या पावसात बाया भांडल्या जागेवरून."

ओगुटुला रडू येत होतं, आणि या वयात रडायचीही लाज वाटत होती. त्यानं पुडकं काखेत धरलं.

"मावशी, आजची ओली मासळी आहे ना, ती सगळी ड्रायरमध्ये टाक. शेगडी गरमच आहे."

अवुओर हसायला लागली. "एवढं ऊन पडलंय नि ड्रायरमध्ये? भुसा काय फुकट येतो? पाऊस येऊ दे की, मग टाकू."