अडतीस सेकंद

सोळा वर्षं आठवीला भौतिकशास्त्र शिकवून बाईंना एक गोष्ट पक्की कळली होती. पोरांना डोळे असतात, पण प्रयोगाच्या तासाला ते घरी ठेवून येतात. एक मीटरचा लंबक टांगायचा, वीस झोके मोजायचे, लागलेला वेळ लिहायचा, एवढंच काम. तरी सगळ्या वह्यांत उत्तर एकच, चाळीस सेकंद! काहींचं तर दोऱ्याला गाठ मारायच्या आधीच लिहून झालेलं. मोठ्या भावंडांच्या वह्या कशाला असतात मग? दिसेल ते लिहा रे, म्हणून बाई दरवर्षी घसा कोरडा करायच्या. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा मात्र एकीनं ऐकलं. वर्ग तिला घुमी म्हणायचा, कारण विचारल्याशिवाय ती बोलायचीच नाही. तिनं लिहिलं, अडतीस. बाई खूश झाल्या, मग धास्तावल्या. पुन्हा मोजायला लावलं. तीनदा मोजलं तरी अडतीसच.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. एका जरी वहीत चुकीचं उत्तर सापडलं तर प्रयोगशाळेची खोली कार्यालयाला जाईल, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. पोर झोके मोजायला चुकत असेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली आणि अडतीसवर लाल फुली मारली.

"पण बाई, मला अडतीसच दिसले."

"दिसले असतील. पुस्तकात चाळीस आहेत. चाळीस लिही."

घुमीनं मुकाट्यानं लिहिलं. तपासणीवाल्या साहेबांनी खुर्चीत बसूनच वह्या चाळल्या, चहा घेतला, शाबासकी दिली आणि गेले. खोली वाचली.

आठवड्यानं फळ्यावर रेघ ओढताना बाईंचं मीटरपट्टीकडे लक्ष गेलं. पट्टी दहापासून सुरू होत होती. मोडलेलं टोक कोणीतरी कधीकाळी करवतीनं साफ कापून टाकलेलं, आणि इतकी वर्षं कोणाच्या बापाला पत्ता नाही! स्वतः बाईंनाही नाही. म्हणजे दोरा नव्वद सेंटीमीटरचाच. बाईंनी खडूनं भराभर हिशेब केला. अडतीस सेकंद आले.

बाई स्टुलावर बसून राहिल्या. सोळा वर्षांत एकाच पोरीनं खरोखर मोजलं होतं, आणि तिच्या वहीवर फुली मारणारा हात त्यांचाच होता. त्यांना स्वतःची किळस आली.

मधल्या सुट्टीत त्यांनी घुमीला पट्टी दाखवली, तू बरोबर होतीस, माझं चुकलं, असं स्पष्ट सांगितलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय. घुमीनं शहाण्या मुलीसारखं सगळं ऐकून घेतलं.

"असू दे बाई," ती म्हणाली. "तपासणीत बरोबर आलं ना."

पुढचा प्रयोग पाणी किती अंशावर उकळतं, हा. भांड्याखाली ज्योत लागली आणि घुमीनं आपण होऊन हात वर केला, वर्षात पहिल्यांदा. बाई जवळजवळ धावतच तिच्यापाशी गेल्या.

"बाई, किती यायला पाहिजे ते आधी सांगून टाका. मग बघते."

वर्ग हसलासुद्धा नाही. सगळ्यांना ते रास्तच वाटलं होतं, पेन्सिली सरसावून सगळे वाट बघत होते. बाईंनी बोलायला तोंड उघडलं. दिसेल ते लिही, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

"शंभर," त्या म्हणाल्या.